वादळाची रेघ आणि सीनेचे पाणी

चक्रीवादळाचा नकाशा आता सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. समुद्राच्या निळ्या रंगावर चक्राची छोटी छोटी चिन्हे, प्रत्येक चिन्हाशेजारी तारीख आणि वेळ, चिन्हांना जोडणारी एक रेघ आणि पुढे रुंद होत गेलेला एक शंकू. मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हा नकाशा वर्तमानपत्रांत, दूरचित्रवाणीवर आणि हातातल्या फोनवर दिसतो. भूगोलाच्या तासाला विद्यार्थीही तो घेऊन येतात व विचारतात, "सर, वादळ आपल्याकडे येणार का?"

परंडा किनाऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर आत आहे. मध्ये सह्याद्री उभा आहे. तेव्हा या प्रश्नाला "नाही, आपल्याकडे वादळ येत नाही" असे उत्तर देणे सोपे असते. वाऱ्यापुरते ते बहुतेक वेळा खरेही ठरते. पाण्याच्या बाबतीत मात्र हे उत्तर गेल्या काही वर्षांत वारंवार खोटे ठरले आहे. या लेखात आम्हाला त्या नकाशाचीच परीक्षा करायची आहे. तो काय सांगतो, काय सांगत नाही, आणि परंड्यासारख्या ठिकाणी बसून तो वाचणाऱ्याची कोठे फसगत होते, हे पाहायचे आहे.

नकाशाचे श्रेय

दोष दाखवण्याआधी गुण मान्य केले पाहिजेत. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर आदळलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्याच ओडिशात १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ 'फायलिन' हे अतितीव्र वादळ धडकले, तेव्हा मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. दरम्यान उपग्रह, डॉप्लर रडार, संगणकीय प्रारूपे यांत मोठी प्रगती झाली होती. वादळ कोठे, केव्हा येणार हे काही दिवस आधी कळू लागले आणि त्या भरवशावर लाखो लोकांना वेळेत हलवता आले. हा नकाशा म्हणजे त्या साऱ्या यंत्रणेचा एका कागदावरचा गोषवारा आहे. किनाऱ्यावरील माणसासाठी तो जीवनरक्षक आहे, यात शंका नाही.

आमची तक्रार नकाशा चुकतो अशी नाही. तो एका प्रश्नाचे उत्तम उत्तर देतो आणि आपण त्याच उत्तराला सगळ्या प्रश्नांचे उत्तर समजतो, ही आमची तक्रार आहे.

मूळ खलाशांसाठी

हे असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. 'सायक्लोन' हा शब्द कलकत्त्यात घडला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जहाजांच्या नोंदवह्या जमवून, कोणत्या दिवशी कोठे वारा कोणत्या दिशेने वाहत होता हे ताडून, बंगालच्या उपसागरातील वादळांचे मार्ग काढले. १८४८ साली त्याने खलाशांसाठी एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात पारदर्शक शिंगाच्या पातळ चकत्या होत्या. त्यांवर वाऱ्याचे चक्र काढलेले असे. ती चकती सागरी नकाशावर ठेवून कप्तानाने वादळाचे केंद्र कोठे आहे ते ओळखायचे आणि जहाज त्यापासून दूर न्यायचे.

खलाशाला दोन गोष्टी हव्या असतात : केंद्र कोठे आहे आणि वारा किती आहे. पावसाने जहाज बुडत नाही. १८६४ साली कलकत्त्याला मोठ्या चक्रीवादळाचा तडाखा बसला व त्यानंतर बंदरासाठी इशारे देण्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. म्हणजे वादळाचा मागोवा घेण्याची आपली सारी परंपरा बंदरातून सुरू झाली आहे. आजच्या नकाशावरील केंद्राची रेघ आणि वाऱ्याचा वेग या दोन गोष्टी पिडिंग्टनच्या चकतीचाच वारसा आहेत.

वर्गवारीही वाऱ्यावरच बेतलेली आहे. वारा ताशी ३१ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ते 'कमी दाबाचे क्षेत्र'. ३१ ते ४९ असेल तर 'अवदाब', ज्याला बातम्यांत डिप्रेशन म्हणतात. ५० ते ६१ असेल तर 'तीव्र अवदाब'. ६२ च्या पुढे गेले की ते चक्रीवादळ ठरते आणि त्याला नाव मिळते. पुढे तीव्र, अतितीव्र अशा पायऱ्या चढत २२२ च्या वर गेल्यावर ते महाचक्रीवादळ होते. या संपूर्ण शिडीत पावसाचा एकही आकडा नाही.

नाव मिळणे ही तर मोठीच गोष्ट आहे. उत्तर हिंदी महासागरातील वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ पासून सुरू झाली. पहिली यादी आठ देशांनी दिलेल्या ६४ नावांची होती. ती २०२० च्या मे महिन्यात 'अम्फान'ने संपली. आता तेरा देशांची १६९ नावांची यादी चालू आहे. नावामुळे इशारा लक्षात राहतो, हा फायदा आहेच. पण नाव असेल तरच बातमी, अशी सवयही त्यातून लागली आहे.

तीन ऑक्टोबर

आता प्रत्यक्ष उदाहरणे पाहू.

२०१९ हे वर्ष वादळांचा मागोवा घेणाऱ्यांसाठी फार धावपळीचे होते. उत्तर हिंदी महासागरात आठ चक्रीवादळे झाली. त्यांतील पाच अरबी समुद्रात : वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन. अरबी समुद्रात एका वर्षात पाच वादळे होणे ही १९०२ नंतर प्रथमच घडलेली गोष्ट होती. ऑक्टोबरच्या अखेरीस 'क्यार' महाचक्रीवादळ झाले. २००७ च्या 'गोनू'नंतर अरबी समुद्रातील ते पहिलेच. ते समुद्रात असतानाच 'महा'ही तयार झाले. नकाशावर एकाच वेळी दोन रेघा दिसत होत्या आणि दोन्ही महाराष्ट्राच्या भूमीला न शिवता गेल्या. रेघ पाहणाऱ्याच्या दृष्टीने महाराष्ट्र सुटला. पण त्याच आठवड्यांत राज्यभर पावसाने काढणीला आलेले सोयाबीन, कापूस, मका, द्राक्षबागा यांचे अतोनात नुकसान केले. मराठवाड्यातील शेतात सोयाबीनच्या गंजी भिजून त्यांना कोंब फुटले. रेघ समुद्रात होती आणि तिच्याभोवतीचे बाष्प जमिनीवर होते.

दुसरा ऑक्टोबर २०२० चा. १३ तारखेला सकाळी एक तीव्र अवदाब आंध्रात काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून आत आला. वारा ताशी ६२ किलोमीटरची पायरी चढला नव्हता, म्हणून त्याला नाव नव्हते. त्या दिवशी त्याने हैदराबाद बुडवले. दुसऱ्या दिवशी, १४ ला, तो उत्तर कर्नाटक व दक्षिण महाराष्ट्राच्या सीमाभागात पोचला. त्याचा वारा आता क्षीण झाला होता. पण सोलापूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत ओढे, नाले, नद्या पात्र सोडून वाहिल्या. पंढरपुरात कुंभार घाटावरची भिंत कोसळून सहा जण दगावले. शेतात पिकाबरोबर मातीही वाहून गेली. काकिनाडा परंड्यापासून सरळ रेषेत सुमारे ७३० किलोमीटर दूर आहे. इतक्या अंतरावरून आलेले, नाव नसलेले, वर्गवारीत खालच्या पायरीवरचे हे वादळ होते. त्याच वर्षी ३ जूनला अलिबागजवळ आलेले 'निसर्ग' मात्र 'तीव्र चक्रीवादळ' होते. कोकणाची त्याने दैना केली. पण आमच्या भागाला निनावी पाहुण्याने जो फटका दिला, त्याच्याशी त्याची तुलना नाही.

तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे. २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी 'गुलाब' हे चक्रीवादळ कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. जमिनीवर येताच त्याचा जोर ओसरला व नाव बातम्यांतून मागे पडले. पुढे हाच कमी दाब तेलंगण, विदर्भ, मराठवाडा असा सरकत गेला. २७ व २८ सप्टेंबरला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठच्या लोकांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. त्यानंतर तो गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, पुन्हा बळावला आणि १ ऑक्टोबरला त्याचे 'शाहीन' असे नवे बारसे झाले. ३ ऑक्टोबरला शाहीन ओमानवर आदळले.

एकाच हवेच्या भोवऱ्याला पूर्व किनाऱ्यावर एक नाव आणि पश्चिम समुद्रात दुसरे. मधल्या चार दिवसांत त्याला नाव नाही. मराठवाडा नेमका त्या मधल्या कोऱ्या जागेत आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये परंड्याने हेच पुन्हा अनुभवले. २२ तारखेच्या सुमारास परंडा व भूम तालुक्यांत नद्यांना असे पूर आले की माणसे हेलिकॉप्टरने हलवावी लागली. त्या वर्षी तोवर उत्तर हिंदी महासागरात एकाही वादळाला नाव मिळालेले नव्हते. महिनाअखेरीस ओडिशाकडून आलेला आणखी एक अवदाब देश ओलांडून अरबी समुद्रात गेला आणि ३ ऑक्टोबरला 'शक्ती' झाला. नकाशे, ठळक मथळे तेव्हा आले. शक्ती किनाऱ्यापासून दूर पश्चिमेला गेले. तोवर सीनेकाठची पिके सडून गेली होती.

वारा ओसरतो, पाणी का नाही?

विद्यार्थ्यांना येथे एक अडचण येते. वादळ जमिनीवर 'मरते' असे आपण शिकवतो. मग मेलेले वादळ इतका पाऊस कसा पाडते?

चक्रीवादळाचे इंधन म्हणजे उबदार समुद्रावरून मिळणारी वाफ. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर बाष्पीभवन जोरात होते. ही वाफ वर जाऊन थंड होते, तिचे पाणी होते आणि त्या वेळी सुप्त उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी वर चढते, खालचा दाब घटतो आणि चक्र चालू राहते. जमिनीवर आल्यावर दोन गोष्टी होतात. नवे इंधन कमी पडते आणि झाडे, टेकड्या, घरे यांच्याशी होणाऱ्या घर्षणाने जमिनीलगतचा वारा मंदावतो. म्हणून वाऱ्याची पायरी झटकन खाली येते.

पण आधीच वर चढलेले बाष्प कोठे जाणार? फिरती, वर चढणारी हवा मधल्या थरात टिकून असते. दोन्ही समुद्रांकडून दमट हवा खेचली जात असेल तर पुरवठाही पूर्ण तुटत नाही. आणि पाऊस किती पडेल हे वाऱ्यापेक्षा वादळ एका जागी किती वेळ रेंगाळते यावर जास्त अवलंबून असते. अमेरिकी हवामानतज्ज्ञांचा एक जुना ठोकताळा आहे : १०० या संख्येला वादळाच्या पुढे सरकण्याच्या वेगाने (नॉटमध्ये) भागावे, येणारी संख्या म्हणजे एखाद्या ठिकाणी पडू शकणारा जास्तीत जास्त पाऊस, इंचांत. वेग १० नॉट असेल तर १० इंच, म्हणजे सुमारे २५० मिलिमीटर. वेग निम्मा झाला तर पाऊस दुप्पट. या ठोकताळ्यात चक्राच्या वाऱ्याचा वेग कोठेच येत नाही, हे लक्षात घ्यावे.

धाराशिव जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या घरात आहे. त्यातला तिसरा हिस्सा एका दिवसात पडला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

रेघेची जाडी

नकाशावरील शंकूबद्दलही गैरसमज आहे. तो वादळाचा आकार दाखवतो असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात, पूर्वीच्या अंदाजांत केंद्राची जागा सरासरी किती चुकली, त्यावरून तो काढतात. म्हणजे शंकू हे केंद्राबद्दलच्या अनिश्चिततेचे चित्र आहे. पाऊस शंकूच्या बाहेरही पडतो.

भारतीय हवामान विभागाच्या २४ तास आधीच्या अंदाजातील केंद्राची सरासरी चूक २०१५ ते २०१९ या काळात ८० किलोमीटरच्या आतबाहेर होती आणि ७२ तासांच्या अंदाजात ती दीडशेच्या वर. जगातील कोणत्याही संस्थेच्या तुलनेत हे काम चांगले आहे. पण आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. परंडा ते कळंब हे सरळ अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे. परंडा सीनेच्या खोऱ्यात. सीनेचे पाणी भीमेत आणि पुढे कृष्णेत जाते. कळंब मांजरेकाठी; मांजरेचे पाणी गोदावरीत जाते. मध्ये बालाघाटची रांग. म्हणजे रेघेची सरासरी चूक ही दोन महानद्यांच्या खोऱ्यांमधील अंतरापेक्षा मोठी आहे. २०२१ मध्ये मांजरेने थैमान घातले, २०२५ मध्ये सीनेने. कोणती नदी उठणार, हे केंद्राची रेघ सांगूच शकत नाही.

शिवाय सीना अहिल्यानगरकडून येते. वरच्या भागात पाऊस झाला तर परंड्यात आभाळ मोकळे झाल्यावरही पाणी चढत राहते. म्हणून नदीकाठच्या गावाने वादळाच्या केंद्राकडे पाहण्यापेक्षा आपल्या खोऱ्याच्या माथ्याकडे पाहायला हवे.

दुसरी बाजू

येथे एक आक्षेप रास्त आहे. हवामान विभाग पावसाचे इशारे देत नाही काय? देतो. जिल्हावार पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे रोज निघतात. वादळाच्या पत्रकातही अतिवृष्टीचा मजकूर असतो. ऑक्टोबर २०२० मध्येच दक्षिण आशियासाठी आकस्मिक पुराचे मार्गदर्शन करणारी सेवाही सुरू झाली. मग दोष कोणाचा?

दोष असा की हे सारे वेगवेगळ्या कागदांवर राहते आणि लोकांपर्यंत चित्र पोचते ते रेघेचे. दुसरा आक्षेप याहून मूलभूत आहे. कमी दाबाच्या क्षेत्राला स्पष्ट केंद्रच नसते. मग त्याची रेघ पुढे ओढत नेणे हा खोटा नेमकेपणा होईल. हे आम्हाला मान्य आहे. म्हणूनच रेघ लांबवा, असे आमचे म्हणणे नाही. रेघ जेथे संपते तेथून पुढे त्याच नकाशावर पावसाचा पट्टा रंगवून दाखवावा, त्याखाली नद्यांची खोरी काढावीत आणि 'वादळ विरले' या शब्दांऐवजी 'वारा ओसरला, पाऊस बाकी आहे' असे लिहावे, इतकीच अपेक्षा आहे.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेतील हरिकेनची वर्गवारीही निव्वळ वाऱ्यावर आहे. २००१ मध्ये 'ॲलिसन' कधी हरिकेन झालेच नाही, तरी ह्यूस्टन बुडाले. २०१७ च्या 'हार्वे'ने टेक्सासमध्ये एका ठिकाणी १,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडला, तो मुख्यतः वारा ओसरल्यावर. २०२४ मध्ये 'हेलेन' फ्लोरिडात आदळले, पण मोठा संहार शेकडो किलोमीटर आतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत पुराने केला. त्याच वर्षी तेथील हरिकेन केंद्राने शंकूच्या नकाशावर आतल्या प्रदेशांचे इशारेही प्रायोगिकरीत्या दाखवायला सुरुवात केली होती. पण तेही इशारे वाऱ्याचेच. जुनी सवय तेथेही सुटलेली नाही.

वर्गात काय करता येईल

शिक्षकांना या नकाशाचे चांगले साधन बनवता येईल. चौकटीच्या कागदावर अक्षांश-रेखांश आखून १३ ते १७ ऑक्टोबर २०२० च्या प्रवासाचे टप्पे मुलांकडून मांडून घ्यावेत : काकिनाडा, तेलंगण, सोलापूरचा परिसर, अरबी समुद्र. काकिनाड्याहून सोलापूर सरळ रेषेत पावणेसातशे किलोमीटर. दीड दिवसात ते अंतर कापले तर ताशी वेग किती? तो नॉटमध्ये किती? वरचा ठोकताळा लावून पाऊस किती येतो? उत्तर ढोबळच असेल, पण विचाराची दिशा बरोबर मिळेल.

मग पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर, अर्थात दहा लाख लिटर. धरणाच्या बातमीतला एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. तेव्हा १०० मिलिमीटर पाऊस किती चौरस किलोमीटरवर पडला तर एक टीएमसी पाणी होते? उत्तर २८३ येते. अर्थात सगळेच पाणी नदीत येत नाही, काही जमिनीत मुरते. पण सप्टेंबर-अखेरीस जमीन आधीच तृप्त असते आणि काळी माती भिजून फुगली की पाणी फार कमी आत घेते. सीना-कोळेगाव धरणाकडे पाहताना मुलांना हा हिशेब आठवला तर आकड्यांना अर्थ येईल.

शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यावी. सरकारी नोंदीचीही तीच वेळ आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर पंचनाम्याच्या भाषेत ती 'अतिवृष्टी' ठरते. मंडळ मोठे असते आणि पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही. एकाच मंडळातील चार शाळांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तर हे विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या आकड्यांतून दिसेल. नुकसानभरपाईचा प्रश्न कोणत्या आकड्यावर अडतो, हेही त्यांना कळेल.

शेतकऱ्याच्या घरातील मुलासाठी हे ज्ञान परीक्षेपुरते नाही. सोयाबीन कापून शेतात पसरायचे की दोन दिवस थांबायचे, गंज झाकायची कधी, नदीकाठची मोटार केव्हा वर काढायची, जनावरे कोठे बांधायची, हे निर्णय घरात त्याच्या डोळ्यांसमोर होत असतात. बंगालच्या उपसागरात अवदाब तयार झाल्याची बातमी आली, तर ती परंड्यासाठी दोन-तीन दिवसांची मुदत असू शकते. ती मुदत वापरायची असेल तर वादळाला नाव मिळण्याची वाट पाहून चालणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी "वादळ आपल्याकडे येणार का?" असे कोणी विचारले, तर उत्तर देण्याआधी शिक्षकाने उलट दोन प्रश्न विचारावेत : त्याचा पाऊस कोणत्या खोऱ्यात पडणार आहे, आणि ते किती सावकाश सरकते आहे?